अन्नाशी अबोला

मराठीत ‘खाणे’ आणि ‘जेवणे’ अशी दोन क्रियापदे आहेत आणि त्यांच्यातील भेद मराठी मुलाला व्याकरण शिकण्याच्या कितीतरी आधी उमगलेला असतो. खाणे एकट्याने होते, उभ्याने होते, प्रसंगी चोरूनही होते. जेवायला मात्र बसावे लागते, कोणीतरी वाढावे लागते, आणि शेजारी आणखी कोणी असले तर ते जेवण अधिक जेवणासारखे वाटते. गुजरातीतील ‘जमवुं’ किंवा कन्नडातील ‘ऊट माडु’ यांच्याशी आपले हे क्रियापद सोयरीक सांगते. आमच्या विभागातील बंगाली सहकाऱ्याला मात्र हा भेद दरवेळी नव्याने समजावून द्यावा लागतो, कारण त्याच्या भाषेत पाणी आणि सिगारेटदेखील ‘खाल्ली’ जाते.

अन्न नाकारण्याच्या बाबतीतही आपली भाषा अशीच चोखंदळ आहे. देवासाठी नाकारले तर उपास, प्रकृतीसाठी नाकारले तर लंघन, सरकारकडून काही मिळवण्यासाठी नाकारले तर उपोषण, आणि घरातल्या माणसाकडून काही हवे म्हणून नाकारले तर रुसवा. आजाऱ्याची अन्नावरची वासनाच उडालेली असते. या प्रत्येक शब्दात एकेक कारण गृहीत धरलेले आहे. कैकेयी क्रोधागारात जाऊन पडली तेव्हा दशरथाने तिला काय हवे ते विचारले, आणि आजही घरातले मूल भरल्या ताटावरून उठले की आपण तेच विचारतो. रुसव्याच्या पोटात मागणी असते. ती पुरी झाली, निदान कोणी ऐकून घेतली, की रुसलेले माणूस पानावर येऊन बसते. ज्या नकारामागे मागणीच नाही, भूक असूनही जो टिकतो, आणि ज्याची समजूत घालायला जावे तर समोर समजूत घालून घेणारे कोणी सापडत नाही, अशा नकाराला आपल्याकडे नाव नाही.

वैद्यकाने त्याला जे नाव दिले तेही फारसे समाधानकारक नाही. ‘ॲनोरेक्सिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ भुकेचा अभाव असा होतो. वस्तुतः या आजारात भूक जात नाही, निदान प्रारंभी तरी ती पुष्कळ असते. तिच्यावर पहारा बसवलेला असतो. आयुर्वेदातील ‘अरोचक’ आणि ‘भक्तद्वेष’ हे शब्द मला क्षणभर मोहात पाडून गेले. शोक, भय, क्रोध यांनीही रुची जाते हे आपल्या जुन्या वैद्यांनी नोंदवून ठेवले होते, ही गोष्ट लहान नव्हे. पण ते शब्दही रुची गेलेल्याचे आहेत. जर्मन भाषेतील ‘मागरसुख्ट’, म्हणजे कृशतेचे व्यसन, हा शब्द त्यातल्या त्यात नेमका. पण घरात कोणाला सांगायचे म्हटले तर त्याचाही उपयोग नाही.

सांगण्याची वेळ माझ्यावर आली ती २०१९ सालच्या गणेशोत्सवात. माझा धाकटा भाऊ इंदूरला असतो. आई त्याच्याजवळ राहते. सुट्टी काढून मी गेले तेव्हा पंधरा वर्षांची माझी पुतणी स्वयंपाकघरात उकडीचे मोदक वळीत होती. इतक्या बारीक आणि सारख्या कळ्या मला आयुष्यात पाडता आल्या नाहीत. तिने सगळ्यांना वाढले, वरून तूप सोडले, कोणाच्या पानात किती पडले याकडे लक्ष ठेवले, आणि स्वतः काकडीचे चार काप घेऊन बसली. भाद्रपदातल्या त्या उकाड्यात तिने लांब बाह्यांचा जाड सदरा घातला होता. हात हातात घेतला तर बोटे गार. गालांवर तान्ह्या मुलाच्या असते तशी बारीक लव आली होती. तिची पाळी होळीपासून बंद असल्याचे भावजयीने रात्री मला हळूच सांगितले. तिच्या वजनाचे आकडे मला ठाऊक आहेत, पण ते येथे देत नाही. असे आकडे वाचून स्वतःशी ताडून पाहणारी मुले असतात.

घरात काय घडत होते ते कोणाला दिसले नाही असे नव्हे. ते दिसले, आणि प्रथम त्याचे कौतुक झाले. आधी साखर गेली, मग तूप, मग भात. पुढे तिने आजीबरोबर संकष्टी धरली, मग सोमवार, मग एकादशी. आजच्या काळात एवढी मुलगी उपास करते याचे शेजारणींना अप्रूप वाटले. उपासाला आपल्याकडे इतकी प्रतिष्ठा आहे की त्याच्या आडोशाला आजार निर्धास्त राहू शकतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९९५ साली पाच तरुण भारतीय स्त्रियांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या होत्या. पाश्चात्त्य ग्रंथांत या आजाराचे मुख्य लक्षण म्हणून सांगितलेली लठ्ठपणाची धास्ती त्यांच्या बोलण्यात ठळक नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनीही त्याच सुमारास असेच निरीक्षण मांडले. म्हणजे नकार तोच असतो, कारण मात्र त्या त्या समाजात जे मान्य होईल ते सांगितले जाते. माझ्या पुतणीला कारण शोधायला देवघरापलीकडे जावे लागले नाही.

पहिल्या डॉक्टरांनी भूक वाढवणारे औषध दिले. दुसऱ्यांनी मुलीशी वीस मिनिटे एकटीशी बोलून मग तिच्या आईला आत बोलावले आणि, ‘तुम्ही मुलीवर फार दडपण आणता,’ असे सुनावले. माझी भावजय शाळेत गणित शिकवते. नेटकी आहे, मोजके बोलते. एवढ्या पुराव्यावर नात्यातल्या सर्वांनी निकाल देऊन टाकला. अशा खटल्यात नणंदेने कोणत्या बाजूला उभे राहायचे हे आपल्या ओव्यांनी फार पूर्वीच ठरवून ठेवलेले आहे. भावजयीने मला विचारले, ‘‘ताई, तुम्हीपण तेच म्हणणार का?’’ मी नाही म्हटले. पण नाही म्हणण्याला आधार काय, हे त्या रात्री मला सांगता आले नसते. तो आधार पुढे वाचनातून मिळाला.

या आजारात आईबापांना बाजूला सारण्याची रीत वैद्यकात आजाराच्या नावाइतकीच जुनी आहे. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोघांनी जवळजवळ एकाच वेळी तिचे वर्णन केले. गल यांच्या मते अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातेवाईक आणि स्नेही सर्वांत अयोग्य. लासेग यांची दृष्टी अधिक कादंबरीकाराची. घरच्यांजवळ विनवणी आणि धाक ही दोनच साधने असतात, ती आळीपाळीने वापरली जातात, दोन्ही बोथट होतात, आणि हळूहळू साऱ्या घराचे बोलणे मुलीच्या ताटाभोवतीच फिरू लागते, हे त्यांनी टिपले. पुढे शार्को यांनी त्यावर उपाय सांगितला तो असा, की मुलीला घरापासून तोडावे. आईबापांनी गाव सोडून जावे, निदान गेल्याचे भासवावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुटुंबाला पुन्हा आत बोलावण्यात आले, पण आरोपी म्हणून. मिलानच्या मारा सेल्व्हिनी पालाझोली यांनी घराच्या अव्यक्त डावपेचांत रोगाचे मूळ शोधले; फिलाडेल्फियाच्या साल्व्हादोर मिनुचिन यांनी १९७८ सालच्या ग्रंथात एकमेकांत गुंतलेल्या, अतिजपणूक करणाऱ्या, भांडण टाळणाऱ्या कुटुंबाचे एक चित्रच उभे केले. मिनुचिन यांचे श्रेय मोठे आहे: रुग्णाला आणि घरच्यांना एकत्र जेवायला बसवून ते जेवण डॉक्टरने पाहावे, ही कल्पना त्यांनी रुजवली. परंतु त्यांचे कुटुंबाचे चित्र पुढे टिकले नाही. या आजाराचे म्हणून असे एकच एक घर आढळत नाही. शिवाय ज्या घरात मूल डोळ्यांसमोर झिजत आहे ते घर गुंतलेले आणि धास्तावलेले दिसणारच. तेथे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे बाहेरून कसे ठरवावे?

वळण आले ते लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात. जेराल्ड रसेल, जॉर्ज श्मुकलर, ख्रिस्तोफर डेअर आणि आयव्हन आयस्लर यांनी १९८७ साली ८० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात वजन सावरल्यानंतर काहींवर वर्षभर कुटुंबासह आणि काहींवर एकेकट्याने उपचार झाले. ज्यांचा आजार १९ वर्षांच्या आत सुरू झाला होता आणि जुना झालेला नव्हता, त्यांच्या बाबतीत कुटुंबासह केलेले उपचार सरस ठरले. पाच वर्षांनंतरही तो फरक दिसत होता. जेम्स लॉक, डॅनिएल ल ग्रांज प्रभृतींनी २००१ साली या पद्धतीची हस्तपुस्तिका तयार केली. त्यांच्याच २०१० सालच्या १२१ मुलांवरील चाचणीत उपचार संपल्यावर एक वर्षाने कुटुंबाधारित गटातील ४९ टक्के मुले पूर्ण बरी होती, एकेकट्या उपचारांच्या गटातील २३ टक्के. त्याच वर्षी या आजारांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, कुटुंब हे रोगाचे एकमेव किंवा मुख्य कारण मानणारी कोणतीही उपपत्ती आम्ही नाकारतो, असे जाहीर केले. भावजयीला मी एवढे एकच भाषांतर करून पाठवले. तिने उत्तर दिले नाही. कागद मात्र घडी करून पाकिटात ठेवला, असे भावाकडून कळले.

तोवर त्यांना तिसऱ्या डॉक्टर मिळाल्या होत्या. आपल्याकडे अशी पद्धत जाणणारी माणसे थोडी. या बाईंनी ती शिकून घेतली होती आणि इकडच्या घरांना बेताने जुळवून घेतली होती. त्यांनी प्रथम मुलीला आठवडाभर रुग्णालयात ठेवले. नाडी फार मंद होती. आणि दीर्घ उपासमारीनंतर एकदम पोटभर अन्न दिले तर रक्तातील फॉस्फेट घसरून जीव जाऊ शकतो, ही सावधगिरी घरी घेता येण्यासारखी नव्हती. त्यानंतर त्यांनी आजीसकट सर्वांना बोलावले आणि आवाज न चढवता सांगितले, की या आजाराने माणसे मरतात. मानसिक आजारांत याचा मृत्युदर सर्वांत वरच्यांपैकी आहे. हा आजार का झाला ते मला ठाऊक नाही आणि आज ते शोधण्याची निकडही नाही. घराला आग लागली असता ती कोणी लावली याची चौकशी नंतर करतात. आजपासून मुलीने काय, किती आणि केव्हा जेवायचे ते तिच्या आईवडिलांनी दोघांनी मिळून ठरवायचे. शाळा तूर्त बंद. गच्चीच्या जिन्यावरच्या फेऱ्या बंद. दिवसातून सहा वेळा पान मांडायचे, संपेपर्यंत कोणीतरी शेजारी बसायचे, आणि नंतर तासभर तिला एकटी सोडायचे नाही.

पुढच्या भेटीला त्यांनी ‘उपाशी मुलीला वाढावेसे वाटेल’ असे जेवण डब्यातून आणायला सांगितले होते. भावजयीने मुलीला चालेल असा डबा भरला: अर्धी कोरडी पोळी आणि दुधीची फोडणीवाचून केलेली भाजी. माझ्या आईने तिच्या नकळत दुसरा डबा पिशवीत ठेवला. त्यात वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी आणि शिरा. डॉक्टरांनी दोन्ही डबे उघडून टेबलावर ठेवले आणि आईबापांना विचारले, यातले कोणते? ते ठरवायलाच त्यांना वीस मिनिटे लागली. मी तेथे नव्हते. भावाने आणि भावजयीने मला ही हकीगत वेगवेगळी सांगितली, आणि दोघांच्या सांगण्यात फरक जवळपास नव्हता. गेल्या सहा महिन्यांत त्या दोघांचे एकमत झालेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. डॉक्टरांनी घास भरवला नाही की मुलीला उपदेश केला नाही. भावाला तेवढे खुर्ची उचलून मुलीच्या दुसऱ्या बाजूला बसायला सांगितले. मुलीने चमचा भिरकावला. आईला उद्देशून ती जे बोलली ते त्या घरात पूर्वी कोणी कोणाला बोललेले नव्हते. भावजय रडू लागली तेव्हा डॉक्टर तिला एवढेच म्हणाल्या, ‘‘हे तुमची मुलगी बोलत नाहीये. आजार बोलतोय. तुम्ही मुलीला वाढा.’’ दीड तासाने ती जितके खायचे ठरवून आली होती त्यापेक्षा चार घास अधिक खाऊन उठली. त्या दिवशी तेवढेच हवे होते.

माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला येथे थांबावेसे वाटते. मुलगी आणि तिचा आजार यांना बोलण्यातून वेगळे काढायचे, ही युक्ती ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट यांच्या कथनकेंद्री उपचारांतून आलेली. आपल्याला ती परकी वाटू नये. अंगात आलेल्या बाईशी बोलताना ‘तू’ कोणाला म्हणायचे हे आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना चांगले कळते. कठीण गेले ते निराळेच. डॉक्टरांनी घरातले सगळे नेहमीचे बोलणे काढून घेतले. शपथ घालायची नाही. बक्षीस कबूल करायचे नाही. जगातल्या उपाशी मुलांची आठवण द्यायची नाही. उष्मांकांवर वाद घालायचा नाही. मुख्य म्हणजे आग्रह करायचा नाही! मराठी घरातून आग्रह काढून घेतला तर वाढणाऱ्याच्या हाती उरते काय? आपल्या पंगतीत पहिल्या ‘नको’चा अर्थ ‘वाढा’, दुसऱ्याचा ‘थोडे वाढा’, आणि पानावर आडवा हात धरला तरच तो ‘नको’. आग्रहात वाढणाऱ्याची हौस असते आणि जेवणाऱ्याचा मान असतो. त्यात नकाराला जागा ठेवलेली असते, म्हणून तर तो खेळ रंगतो. येथे नकाराला जागाच ठेवायची नव्हती, आणि तरीही राग येऊ द्यायचा नव्हता. शेवटी भावाने दोन वाक्ये पक्की केली: ‘‘हे तुझं जेवण आहे. मी इथंच बसलोय.’’ चार महिने दिवसातून सहा वेळा त्या घरात ही वाक्ये बोलली गेली. लासेग यांची विनवणी आणि धाक हे दोन्ही त्यांत नाहीत. माझ्या मते एवढ्या कोरड्या वाक्यात इतकी माया क्वचितच मावली असेल, पण हे मत आत्याचे आहे.

‘कुटुंबाला उपचारात सहभागी करून घेणे’ हा शब्दप्रयोग अलीकडे सर्रास वापरला जातो. जुन्या मराठीत ‘कुटुंब’ म्हणजे बायको, हे वाचकांना सांगायला नको. व्यवहारातही बहुधा तोच अर्थ चालतो: कुटुंबाचा सहभाग म्हणजे आईची रजा. भावजयीने बिनपगारी रजा घेतलीच होती. डॉक्टरांनी मात्र भावाशिवाय एकही भेट होऊ दिली नाही. सकाळची दोन पाने त्याच्याकडे सोपवली. बँकेतला माणूस, त्याला स्वतःच्या घरात तूप कोठे असते ते ठाऊक नव्हते. धाकट्या पुतण्याला बहिणीवर पहारा करायचा नाही, जेवण झाल्यावर तिच्याशी पत्ते खेळायचे, एवढेच काम. आणि आजी? त्या प्रश्नाला हस्तपुस्तिकेत उत्तर नसावे. घरात एक स्त्री महिन्यातून चार दिवस उपाशी राहते आणि त्याच घरात दुसरीला उपाशी राहायची मुभा नाही, हे कसे जमायचे? भाऊ आईला सांगायला धजेना. चतुर्थीच्या सकाळी माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आपण होऊन नातीशेजारी पोळी-भाजीचे पान घेऊन बसली. नात म्हणाली, ‘‘आजी, आज चतुर्थी.’’ आई म्हणाली, ‘‘माझ्या चतुर्थीचं मी बघून घेईन. तू दूध पी.’’ लग्नाआधीपासून तिने एक चतुर्थी मोडलेली मला आठवत नाही, माझ्या वडिलांच्या आजारपणातही नाही. तिने मग सलग चौदा मोडल्या.

साहित्याच्या अभ्यासकांना या पद्धतीतील सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे तिचे ‘का’बद्दलचे मौन. आपला सारा व्यवसाय ‘का’वर उभा आहे. न जेवणारी स्त्री दिसली की आपण तिला वाचू लागतो. रुडॉल्फ बेल यांनी १९८५ साली मध्ययुगीन इटालियन संत स्त्रियांच्या उपासात आजचा आजार पाहिला. दोनच वर्षांनी कॅरोलाइन वॉकर बायनम यांनी त्या स्त्रियांच्या धर्मजीवनात अन्नाला असलेला अर्थ उलगडून, आजचे निदान त्यांच्यावर लादू नये असे दाखवले. आपल्याकडे कारैक्काल अम्मैयार आहेत. तमिळ पेरियपुराणात त्यांची कथा आंब्यापासून सुरू होते, म्हणजे वाढण्यापासूनच. पतीने पाठवलेल्या दोन आंब्यांतला एक त्यांनी शिवभक्ताला वाढला. पतीने दुसरा आंबा मागितला तेव्हा तो देवाने दिला. पती भयाने दूर झाला. आणि मग त्यांनी ज्याच्यासाठी जपले होते ते देहाचे मांस झडून जावे असे मागणे केले. हातात टाळ घेतलेली, बरगड्या उघड्या पडलेली त्यांची कांस्यमूर्ती पाहिली की आपली बुद्धी तुलना करायला अधीर होते. मला ही तुलना मान्य नाही. अम्मैयारांनी काही मागितले होते आणि त्यांना ते मिळाले. त्यांच्यामागे पदे उरली. पंधरा वर्षांची मुलगी या आजारात काही निर्माण करीत नाही. तिचे जग ताटाएवढे होते.

त्या आकुंचनाचे स्पष्टीकरण अर्थापेक्षा उपासमारीत अधिक सापडते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ॲन्सेल कीज यांनी युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते पुरुष पाककृतींची पुस्तके जमवू लागले, घासाचे बारीक बारीक तुकडे करून तासन्‌तास खाऊ लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. यांतल्या कोणाच्याही आईने कोणावर दडपण आणलेले नव्हते. पुतणी रात्री जागून पदार्थांच्या चित्रफिती पाहत असे, आणि मोदकांच्या त्या सुरेख कळ्या... त्यांना मी आता गुण समजत नाही, लक्षण समजते. अन्न आधी, अर्थ नंतर, हा डॉक्टरांचा क्रम अज्ञानातून आलेला नाही. भुकेलेल्या मेंदूला स्वतःचा अर्थ सांगता येत नाही, आणि त्याने सांगितलेला इतरांनी वाचू नये.

रुग्णाजवळ घरच्यांना ठेवण्याचे धोरण आपल्या देशात मुळात टंचाईतून आले, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पन्नाशीच्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला बोलावले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयानेही त्याच दशकात तीच वाट धरली. हे रुग्ण निराळे होते, आजार निराळे होते. अमृतसरचा आणि मॉड्स्लीचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. तरीही ज्या काळी पश्चिमेत आईला रोगाचे मूळ ठरवणारे सिद्धांत जोरात होते, त्या काळी पंजाबातील एक आई तंबूत चूल मांडून आपल्या मुलाला रोटी करून देत होती आणि डॉक्टर त्याला उपचार म्हणत होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा पुतणीचे वजन बरेच सावरले होते आणि उपचारांचा दुसरा टप्पा सुरू व्हायचा होता. भेटी दूरध्वनीच्या पडद्यावर होऊ लागल्या. या टप्प्यात आईबापांनी घेतलेला ताबा थोडाथोडा परत करायचा असतो, आणि तो घेण्यापेक्षा देणे कठीण, असे भावजय म्हणते. आधी चारचे खाणे मुलीने आपले आपण वाढून घ्यायचे, मग न्याहारी. एकदा ती वाढून घेतलेले पोहे कचऱ्यात टाकताना सापडली. ताबा दोन आठवडे परत घ्यावा लागला. जूनमध्ये तिने मैत्रिणीकडे राहायला जाण्याचा हट्ट धरला, तो साथीमुळे मोडला, आणि ती न जेवता खोलीत जाऊन पडली. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. दोन तासांनी ती बाहेर आली, ‘‘तुम्ही सगळे दुष्ट आहात,’’ म्हणाली, आणि गार झालेला वरण-भात गरम न करताच खाऊन गेली. भावाने रात्री मला दूरध्वनी केला. तो इतका आनंदात होता की काय झाले ते कळायला मला वेळ लागला. मुलगी रुसली होती!

सगळ्या घरांत असे होत नाही. ज्या घरात मारहाण आहे किंवा मुलीला इजा करणारे माणूस आहे, तेथे ताटाचा ताबा त्याच घराच्या हाती देणे क्रूरपणाचे होईल. जेथे आईबाप सतत टोचून बोलतात तेथे त्यांना आणि मुलीला वेगवेगळे भेटणे बरे, असे मॉड्स्लीच्याच पुढच्या अभ्यासात दिसले. आणि ४९ टक्के या आकड्याला दुसरी बाजू आहे, ती ५१ची. पुढे मोठेपणी हा आजार हाती लागला तर हीच पद्धत फारशी लागू पडत नाही. रजा मिळू न शकणारे, रोजावर जाणारे आईबाप दिवसातून सहा वेळा कसे बसणार, या प्रश्नाला डॉक्टरांनीही मला सरळ उत्तर दिले नाही. आजीचे असणे हे आमच्याकडचे भांडवल होते, आणि ते सर्वांजवळ नसते.

पुतणी आता पुण्याला वसतिगृहात राहून शिकते. बारावीच्या वर्षी आजार एकदा डोकावून गेला; सहा आठवड्यांत परत फिरला. आजीने चतुर्थी पुन्हा धरली आहे. नातीने डॉक्टरांच्या सांगण्यावरून कोणताही उपास करायचा नाही असे ठरले आहे, आणि त्यावर तिने अद्याप वाद घातलेला नाही. शेवटच्या काही भेटींत जेवणाचा विषयही निघाला नाही, म्हणे. शाखा कोणती घ्यावी आणि रात्री किती वाजता घरी यावे, यावरच बापलेकींचे वाजले.

त्या डॉक्टरबाई अधूनमधून नव्या रुग्णांच्या आईबापांना भावजयीचा दूरध्वनी क्रमांक देतात. बहुतेक आयाच बोलतात. बाप मागे उभे राहून ऐकत असावेत. मी तेथे असताना असा एक दूरध्वनी आला होता. पलीकडची बाई बराच वेळ बोलत होती, रडतही असावी. आमच्यामुळेच झाले का, असे तिने दोनतीनदा विचारले असावे, कारण भावजयीने तितक्याच वेळा ‘‘ते राहू दे,’’ म्हटले. मग तिने विचारले, ‘‘सकाळी उठते किती वाजता? दूध कुठलं घेता तुम्ही?’’ आणि पेन शोधू लागली.